डोळे आखलेलं विमान

दादाच्या उजव्या हाताला कंप सुटलाय, हे घरात कुणाला कळायच्या आधी कारखान्यातल्या मूर्तींवर दिसलं. पेणला माझ्या या थोरल्या भावाचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि तिच्यात खांद्याला खांदा लावून बसलेले पांढरेफटक गणपती. रंगकाम, सोनेरी काम कुणीही करावं, पण डोळे आखायचे ते दादानेच, अशी आमच्याकडची पद्धत. त्या वर्षी एका मूर्तीची डावी भुवई जरा जास्तच वर गेली. मग दुसऱ्या एकीची. दादाने कुंचला लेकीच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजपासनं तू आख." एवढंच. तेव्हापासून माझी भाचीच डोळे आखते आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा कणभर सरसच आखते. हे मी दादासमोर बोलत नाही.

मला वाटलं होतं, कुंचला सुटला म्हणून तो खचेल. तसं काही झालं नाही. लेकीच्या मागे उभा राहून तो चहा पीत बघायचा, मान डोलवायचा. त्याचा जीव अडकला होता तो वर माळ्यावर.

माळ्यावर त्याची विमानं टांगलेली असायची. हलक्या बाल्सा लाकडाची, पतंगाच्या कागदाने मढवलेली, हाताएवढ्या पंखांची. पुढच्या शेंड्याला पंखा आणि छोटं इंजिन, स्पिरिटासारख्या इंधनावर चालणारं. त्या इंधनात एरंडेल मिसळावं लागतं, त्यामुळे विमान उडवून आलेला दादा दोन दिवस एरंडेलाच्या बाटलीसारखा वास मारायचा आणि वहिनी त्याचे कपडे वेगळे भिजवायची. ही रिमोटवर उडणारी विमानं नव्हेत. आम्ही त्यांना दोरीची विमानं म्हणायचो, प्रत्यक्षात त्या दोन बारीक पोलादी तारा असतात. तारांचं एक टोक विमानात, दुसरं उडवणाऱ्याच्या मुठीतल्या हँडलला. विमान त्याच्याभोवती गोल उडत राहतं आणि तो मधोमध उभा राहून विमानाबरोबर फिरत राहतो. मनगट वर वळवलं की विमान चढतं, खाली वळवलं की उतरतं. सगळी करामत मनगटात. आणि दादाचं मनगटच आता त्याचं ऐकेनासं झालं होतं.

तो मला म्हणाला, "काय गो, आयुष्यभर पोरांना सायन्स शिकवलंस. तुझ्या हाताखालनं एवढी पोरं गेली, त्यातला एक जण बघ ना."

"कशाला?"

"शिकवायला. जवान पायजे, फिरून चक्कर यायला नको. एकच बास झाला."

मी म्हटलं, शिकवणं काय, पुढच्या वर्षीही शिकवशील. तेव्हा त्याने सांगितलं की हे तोंडाने शिकवायचं काम नाही. शिकणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवायची आणि दोघांनी एकदम फिरायचं. हाताला हात लावूनच ते जातं. डॉक्टरांनी त्याला कंप वाढत जाणार असं स्पष्ट सांगितलं होतं. "हात थोडा तरी माझा हाय तवर दुसऱ्याच्या हातात घालू दे मला," असं तो म्हणाला आणि लगेच गणपतींवरची धूळ झटकायला लागला. मला फार वाईट वाटलं. दादा कधी कुणाकडे काही मागत नाही.

मी रोह्याची. म्हणजे माहेर पेण, पण नोकरी रोह्याच्या शाळेत झाली आणि निवृत्तीनंतरही कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात घर करून राहिले. पुलावरून बाजारात जाता-येता निम्मी माणसं "बाई" म्हणून हाक मारतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे मी कान पिळलेले आहेत. त्यामुळे एक पोरगा शोधणं मला डाव्या हातचा मळ वाटला होता. शिवाय एके काळी काय गर्दी जमायची! पेणच्या खाडीकडे एक बंद पडलेलं मिठागर आहे. पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तुडवून घट्ट केलेली त्याची जमीन, ना गवत ना दगड. दादा आणि त्याचे चार मित्र तिथे रविवारी सकाळी उडवायचे. बांधावर शाळेची पोरं रांगेने बसलेली असायची, विमान फिरेल तशी त्यांची तोंडं फिरायची. हळूहळू मित्र पांगले. कुणाची बदली झाली, कुणाचे गुडघे गेले. बांधावरची पोरंही दिसेनाशी झाली आणि दादा एकटाच उडवत राहिला.

आता का येत नसतील? मला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. मोबाइलने वाट लावली, हे आपल्या वयाच्या लोकांचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. वर्गात सुद्धा सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं की मला कॉपीचा संशय यायचा. मग मी सरळ विचारतच सुटले. भाजी घेताना, बँकेत, स्टेशनावर. भाजी राहिली बाजूला.

एकीने विचारलं, "बाई, त्याचं सर्टिफिकेट मिळतं?" बारावीतल्या एकाने बराच विचार करून विचारलं, "गोल फिरून परत तिथंच येणार ना? मग गेलो कुठं आपण?" हा प्रश्न मला इतका आवडला की मी त्याला चिकूचा मिल्कशेक पाजला. कंपनीत शिफ्टला जाणारा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, रात्रपाळी करून आल्यावर उन्हात कोण जाईल? पण विमान तर मी रोज उडवतो." मी चकित! त्याने घरी नेऊन कॉम्प्युटरवर दाखवलं. पडद्यावर कॉकपिट, खाली ढग, आणि हा गडी शेकडो प्रवासी घेऊन दिल्लीला निघालेला. वेग कमी पडला की विमान कसं कोसळतं, पंखावरच्या झडपा कधी उघडायच्या, हे त्याने मला इतकं नीट समजावलं की मीच अर्धा तास तिथे खुर्ची अडवून बसले. दोनदा समुद्रात पडले. त्याची आई दारात उभी राहून म्हणाली, "बाईंना पण लावलंस काय नादाला?"

म्हणजे उडायची हौस गेलेली नव्हती. ती दुसरीकडे राहायला गेली होती. मग मिठागरावर यायला यांना अडतंय काय, हे कोडं मला जास्तच छळायला लागलं.

आमच्या गल्लीतच एक पोरगा आहे. वडील कुवेतला, बाजारातल्या दुकानावर काका बसतात आणि हा लग्नांचे व्हिडिओ काढतो, ड्रोनने. रोह्यापासून खांब-कोलाडपर्यंत कुठलंही लग्न असो, मंडपावर याचा ड्रोन घरघरत असतो. नववीत याने माझ्या प्रयोगशाळेतली मोटर काढून पंखा बनवला होता, तेव्हाच मी ओळखलं होतं की हा पाठांतरातला नाही. तो म्हणाला, "येतो ना बाई. बघू तरी काय चीज हाय." आणखी तीन-चार जण तयार झाले. पेणहून कारखान्यात रंगकाम करणारे दोघे येणार होते. मी स्वतःवर भलतीच खूश झाले आणि दादाला फोन करून सांगितलं, एक मागितलास, अर्धा डझन आणते.

त्या रविवारी दादा नवा शर्ट घालून आला होता. खाडीवरचा वारा दहानंतर जोर धरतो, म्हणून आम्ही सकाळीच जमलो. दादाने गाडीतून लाल विमान काढलं. ते त्याचं सगळ्यात देखणं. पेणच्या माणसाने केलेलं विमान म्हणजे काय ते बघूनच कळायचं. पंखांना सोनेरी किनार, कडेने बारीक वेलबुट्टी, वर लॅकरची अशी झिलई की तोंड दिसावं. आणि शेंड्याला दोन्ही बाजूंनी डोळे. दादाच्या हातचे, लांबट, शांत, कंप सुटण्याच्या आधीचे.

दादाने स्वतः एकदा उडवून दाखवलं. विमान सरळ जाईना, वर-खाली वर-खाली हिंदकळत राहिलं. पोरांना वाटलं, ही मुद्दामची कसरत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा हसला, पण मी त्याची बहीण आहे, मला ते हसू ओळखता येतं.

मग त्याने हँडल पुढे केलं. "या. कोण येतंय?"

कुणी पुढे होईना. पोरं व्हिडिओ काढत होती, विमानाभोवती वाकून वाकून बघत होती, "भारी", "एक नंबर" चाललं होतं. पण सगळ्यांचे हात मागे बांधलेले. कारखान्यातले दोघे तर चपला काढून उभे होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, मिठागरावर अनवाणी चालायची सवय असेल म्हटलं. दादा एकेकाकडे बघत होता. "अरे, घ्या की हातात." प्रत्येकाचं तेच, "नाय काका, तुम्हीच उडवा. आम्ही बघतो." ड्रोनवाल्याने आपला ड्रोन वर चढवला आणि दादाला पडदा दाखवला. वरून सगळं मिठागर दिसत होतं, बांधांचे चौकोन, आणि एका चौकोनात आम्ही मुंग्यांएवढे.

दादा पडद्यात बघतच राहिला. "मला एवढं टक्कल हाय?" मग त्याने विचारलं, "वाऱ्यात हे जागेवर कसं थांबतं रे?"

"ते आपलं आपण थांबतं, काका. हात सोडला तरी."

"मग तू काय करतो?"

पोराने पडद्याकडे बोट केलं. "मी फ्रेम बघतो."

दादाने मान हलवली. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. थोड्या वेळाने वारा वाढला आणि सगळे नाश्त्याला पांगले. हँडल दादाच्याच हातात राहिलं.

निघताना मी ड्रोनवाल्याला बाजूला घेतलं. "तू सुद्धा? तुला तर हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. माझी मोटर विचारून घेतली होतीस का?"

तो ओशाळला. "बाई, खोटं नाय बोलत. मला लई मन झालं होतं. पण एवढं सजवलेलं, नव्या नवरीवाणी. पाडलं तर? काका काय बोलणार नाय, तेच जास्त वाईट. आणि ते बघत होतं हो माझ्याकडं."

"कोण बघत होतं?"

"विमान."

मी हसले, पण तो हसत नव्हता.

दुपारी कारखान्यात जेवायला बसलो. दादा नुसता भात चिवडत होता. मी भाचीला सगळा वृत्तान्त सांगितला, पोरांनी चपला काढल्या होत्या तेही सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"आत्या, तुला अजून नाय कळलं? बाबांनी डोळे आखलेत त्याला."

"मग?"

"मग काय? आपल्याकडे डोळे आखल्यावर मूर्तीला कुणी हत्यार लावतं? उगाच उचलतं? कारखान्यातली पोरं लहानपणापासून हेच ऐकत आलीत, डोळे झाले, आता हात लावू नको. तेच डोळे तुम्ही विमानाला काढता आणि म्हणता घ्या, पाडा. कोण पाडंल?"

ही पद्धत मला चांगली ठाऊक होती. मूर्तीत काही दुरुस्ती करायची ती डोळे आखायच्या आधी. एकदा डोळे झाले की नाक बसकं राहिलं असलं तरी राहू दे. याच पद्धतीपायी दादाचं एक विमान गेलंही होतं, मिठागरावर मित्र येत होते त्या काळात. विमान शेपटीकडे जड झालं होतं. मित्र म्हणाले, शेंड्याला चिमूटभर शिसं भर, नाहीतर उलटं होईल. पण डोळे आखून झाले होते. दादा म्हणाला, आता हत्यार लावणार नाही. विमान सुटलं, सरळ आभाळाकडे तोंड करून चढलं आणि तसंच पाठीवर येऊन जमिनीवर आपटलं. मित्र पोट धरधरून हसले. दादाही हसला. त्यानंतर तो शिसं आधी भरायचा आणि डोळे मग काढायचा. पण डोळे काढायचं सोडावं, हे त्या शहाण्याला सुचलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. ते विमान त्याचं होतं आणि त्याच्या हातून काही बाहेर पडलं की त्याला डोळे असणारच, इतकं ते आम्हाला साहजिक वाटायचं.

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इमान म्हंजे काय मूर्ती हाय? कळत नाय त्यांना?"

"मग तुम्ही डोळे कशाला काढता?" भाचीने शांतपणे विचारलं.

दादा हात धुवायला उठला आणि बराच वेळ मोरीपाशी उभा राहिला. मला वाटलं, पोरगी जरा जास्तच लावून बोलली. पण तिचं खोटं नव्हतं. तिने पुढे हळूच मला सांगितलं की लहानपणी तिलाही माळ्यावर जायची फार ओढ होती. पण वर गेलं की सगळी विमानं एकदम तिच्याकडे बघायची आणि ती खाली यायची. हे तिने बापाला कधी सांगितलं नव्हतं.

दादा परत आला तो थेट माळ्यावर चढला आणि लाल विमान खाली घेऊन आला. ते मांडीवर घेऊन बसला. भाचीकडे हात करून म्हणाला, "पॉलिशपेपर दे. जाडा."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मी म्हटलं, "दादा, राहू दे रे. दुसरं साधं एखादं बनव. थर्माकोलचं बनव."

"ह्या हातानं? नवं बनंल का?" त्याने हात पुढे धरला. हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. "पण घासायला काय, घासायला थरथर चालते."

आणि त्याने घासायला सुरुवात केली. मला बघवेना. आमच्या घरात आखलेल्या डोळ्यावर कधी कुणी पॉलिशपेपर चालवलेला नाही. शेडमध्ये मूर्तींच्या रांगा बसलेल्या आणि त्यांच्यात दादा खाली मान घालून घासतोय. लॅकर गेलं, मग काळा गेला, पांढरा गेला, खालचं लाकूड दिसायला लागलं. रंगकाम करणारी पोरं हातातलं काम थांबवून उभी राहिली. एक बाजू झाली, त्याने विमान फिरवून दुसरी घेतली. भाची थोडा वेळ बघत होती. मग तिने सरळ दुसरा, बारीक कागद घेतला आणि पंखांवरची सोनेरी किनार घासायला बसली. मी रडले, ते कुणापासून लपवलंही नाही. विमान शेवटी शाळेच्या बाकासारखं दिसायला लागलं.

दादा म्हणाला, "आता बोलाव त्या तुझ्या ड्रोनवाल्याला. एकट्यालाच."

पुढच्या खेपेला पोराने मला आपल्या बाइकवरून पेणला नेलं. महामार्गावरचे खड्डे चुकवताना तो मला विचारत होता, तारेला किती ताण येतो, तार तुटली तर विमान कुठे जातं, फिरताना नजर कुठे ठेवायची. मी म्हटलं, अरे बाबा, हे सगळं दादाला विचार. तो ड्रोन घेऊन आला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं.

मिठागरावर त्याने विमान बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ते उचललं. उलटं केलं, चाकं फिरवून बघितली, शेपटीची पट्टी वर-खाली केली. "हां, म्हंजे तार ओढली की ही हलते." दादा माझ्याकडे बघून डोळे बारीक करून हसला. या वेळचं हसू खरं होतं.

मला विमान धरायचं काम दिलं होतं. दादाने खुणावलं की सोडायचं. ते दोघे मधे जाऊन उभे राहिले, पोरगा पुढे, त्याच्या पाठीला लागून दादा, पोराच्या मुठीवर दादाची मूठ. मी वर्तुळाच्या कडेला उकिडवी बसले होते. इंजिन फडफडलं, कानठळ्या बसल्या, एरंडेलाचा धूर माझ्या तोंडावर आला. दादाने मान हलवली आणि मी सोडलं.

विमान जमिनीवरून सुटलं आणि ते दोघे फिरायला लागले. पण विमान पुन्हा तसंच हिंदकळायला लागलं, वर-खाली वर-खाली. खाली येताना चाकं जमिनीला लागतात की काय इतकं खाली. पोराची मूठ घट्ट होती, ते मला लांबूनही दिसत होतं. थरथर त्याची नव्हती. ती वरच्या हातातून खालच्या हातात उतरत होती आणि तारेतून विमानापर्यंत पोचत होती. पोराला ते कळलं असणार.

दादालाही कळलं. आणखी एक फेरी त्याने तशीच घेतली. मग त्याने हात काढला.

त्याच क्षणी विमान सरळ झालं. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पट्टीने रेघ मारावी तसं ते एका पातळीत फिरायला लागलं. दादाही तेच बघत होता.

विमान उडत असताना वर्तुळातून बाहेर पडता येत नाही, तारा आडव्या येतात. दादा तिथल्या तिथे खाली बसला, पोराच्या पायांपाशी, मिठागराच्या पांढऱ्या जमिनीवर. तारा त्याच्या डोक्यावरून फिरत राहिल्या. मला धावत जावंसं वाटत होतं, पण जाता येत नव्हतं. मी बाहेर आणि तो आत.

"काका!" पोरगा इंजिनाच्या आवाजावर ओरडला. "काका, ओढतंय हे! जिवंत असल्यासारखं ओढतंय!"

दादाने डोळे मिटले. "कसं ओढतंय?" तोही ओरडून म्हणाला. "सांग मला!"

"खांद्यापर्यंत येतंय!"

"आता खाडीकडं गेला ना आवाज? वाऱ्यानं तार सैल पडंल बघ!"

"व्हय! सैल पडली!"

"एक पाऊल मागं हो! आता?"

"ताठ झाली! परत ओढतंय!"

"किती? मगाएवढं?"

"मगापेक्षा जास्त, काका!"

असे ते दोघे ओरडत राहिले. पोरगा विमानाकडे बघत फिरत होता आणि दादा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, प्रत्येक फेरीला विचारत होता आणि तो प्रत्येक फेरीला सांगत होता. इंधन संपलं, इंजिन बंद पडलं. एकदम शांत झालं. विमान नुसत्या वेगावर तरंगत राहिलं.

"अजून ओढतंय," पोरगा हळू आवाजात म्हणाला. "थोडं थोडं."

"व्हय. शेवटी तसंच ओढतं."

चाकं टेकली. विमान एकदा उसळलं, नाकावर पडलं आणि पंख्याचं पातं तुटलं. पोरगा जागच्या जागी थिजला. "काका, तुटलं."

दादाने डोळे उघडले. उठायला त्याने आपला थरथरता हात वर केला आणि पोराने तो धरून त्याला उभं केलं.

"गाडीत दुसरं पातं हाय," दादा म्हणाला. "ते लाव आणि टाकी भर."